साठवण आणि अपरिग्रह

पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे, हा पाच यमांपैकी एक आहे आणि जैनांच्या पंचमहाव्रतांतही त्याला स्थान आहे. बौद्ध विनयात तर आज मिळालेले अन्न उद्यासाठी ठेवून खाणे हा भिक्खूचा दोष ठरतो. तूप, लोणी, तेल, मध, काकवी एवढ्याच वस्तू आजारपणात औषध म्हणून सात दिवस ठेवता येतात. मग आठवड्याची भाजी जपून ठेवणारे घर धर्मदृष्ट्या चुकते आहे काय? माझ्या मते नीट साठवण हाच गृहस्थाचा अपरिग्रह आहे. भिक्खूला साठा लागत नाही, कारण कुठल्या तरी घरच्या साठ्यातलेच अन्न त्याच्या पात्रात पडते. मनुस्मृतीत ब्राह्मण गृहस्थांची एक क्रमवारी आहे: कोठारभर धान्य असलेला, घडाभर असलेला, तीन दिवसांपुरते असलेला आणि उद्याचेही नसलेला. त्यात पुढचा पुढचा श्रेष्ठ मानला आहे, तरी पहिल्याला कोणी पापी म्हटलेले नाही. दोष शिरतो तो मालकीच्या समजुतीतून. पैसे मोजले म्हणजे मेथीची जुडी माझी आणि सडली तर तोटाही माझाच, असे आपण धरून चालतो. पण तिच्यातले शेतकऱ्याचे कष्ट आणि विहिरीचे पाणी मंडईतल्या भावात पुरते उतरत नाही. आपण संपत्तीचे मालक नसून राखणदार आहोत, हा गांधीजींचा विश्वस्तपणाचा विचार पैशापेक्षा अन्नाला अधिक लागू आहे. पैसा थांबतो, मेथी थांबत नाही.

हे विश्वस्तपण जाणकारीशिवाय निभत नाही. पालेभाजी धुऊन ओलीच ठेवली की कुजते. निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली की टिकते. पिकलेली केळी आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात, त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. कांद्याला कोरडी, हवेशीर टोपली हवी. बटाट्याला अंधार हवा, पण फ्रीज नको, कारण थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घरांतून गेले. तेव्हा फक्त लग्नाच्या पंगतींकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

कोणी म्हणेल, गीतेने शिळे अन्न तामस ठरवले आहे. पण शंकराचार्यांचे भाष्य तिथे शिजवून रात्र उलटलेल्या अन्नाबद्दल बोलते. ताज्या राहिलेल्या कच्च्या भाजीला ते लागू नाही. सडलेल्याचे खत होते, मग वाया काय गेले, हा दुसरा आक्षेप. खत करावेच, मात्र त्यातून मातीला कस परत मिळतो, कुणाचे श्रम मिळत नाहीत. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: मी वाचवलेली जुडी उपाशी माणसाच्या ताटात जात नाही. हे खरे आहे, आणि बचतीला दानाचे नाव देऊ नये. तरीही हातात आलेल्या वस्तूशी माझे वागणे कसे असावे, हा प्रश्न तिथेच राहतो आणि त्याचे उत्तर मलाच द्यावे लागते. जेवढ्यावर लक्ष ठेवता येईल तेवढाच साठा धर्म्य. त्यापलीकडचा थंड खणात ठेवला तरी परिग्रहच. म्हणून पुढच्या वेळी पिशवी उचलण्याआधी फ्रीजचा खालचा खण उघडून पाहा आणि त्यात आहे ते आधी शिजवा.