अश्वगंधा आणि उठबस

चाळिशी उलटल्यावर शरीरातील स्नायूंचे द्रव्य हळूहळू ओसरू लागते, आणि ही घट, जी आरशात सहसा दिसत नाही परंतु जिना चढताना अचूक जाणवते, एखाद्या चूर्णाच्या पुडीने भरून निघेल अशी आशा आपल्यापैकी कित्येकांनी मनोभावे बाळगलेली असते. अमेरिकेतील बोस्टन येथे शंभर अतिदुर्बल वृद्धांवर, ज्यांचे सरासरी वय ८७ होते, झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला: दहा आठवडे पायांनी वजन पेलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबल दुपटीहून अधिक झाले, तर व्यायामावाचून नुसते पोषक पेय घेणाऱ्यांचे दौर्बल्य मुळीच हटले नाही; कारण श्रमाची मागणी दाखल झाल्यावाचून स्नायू बांधण्याची तजवीज शरीर सहसा करीत नाही.

अश्वगंधेला आयुर्वेदाने बल्य म्हटले, आणि २०१५ मधील एका प्रयोगात व्यायामासह ती घेणाऱ्या पुरुषांचे बळ अधिक वाढलेही, पण ते सारे पन्नाशीपर्यंतचे होते. आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही दिनचर्येत व्यायामाला, अर्ध्या शक्तीची मर्यादा घालून, मानाचे स्थान दिलेच आहे.

तेव्हा ज्येष्ठांनो, अश्वगंधा अवश्य घ्या, मात्र थायरॉइड वा यकृताची तक्रार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आणि आजच, भक्कम खुर्चीपाशी, झेपेल तितक्या वेळा उठा आणि बसा.