समुद्रकाठचा राखणदार

यशयाच्या ग्रंथाच्या ५६ व्या अध्यायात इस्राएलाच्या पहारेकऱ्यांस मुके कुत्रे म्हटले आहे. त्यांना भुंकता येत नाही आणि झोप फार आवडते, असा त्यांच्यावर आरोप आहे. हे वचन वाचले म्हणजे मंडळीत कोणी तरी हसतोच. परंतु आपल्या जिल्ह्यातील लोकांस ते हसण्यावारी नेता येणार नाही.

पारनेर तालुक्यात ढवळपुरीकडचे धनगर पावसाळा संपल्यावर मेंढरे घेऊन घाट उतरतात. कोकणात भाताची खाचरे तेव्हा रिकामी असतात. शेतकरी तेथे रात्री मेंढरे बसवून घेतो. त्याच्या जमिनीस लेंडीखत मिळते, धनगरास धान्य किंवा पैसे. घोड्यावर बिऱ्हाड, आणि कळपामागे कुत्रा. ईयोबानेही कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख केला आहे. पवित्र शास्त्रात या प्राण्याविषयी बरे शब्द थोडेच. येथे निदान त्याचे काम तरी सांगितले आहे.

रायगड जिल्ह्यातील एका एकांत पुळणीवर आम्ही माघ महिन्यात गेलो होतो. सडक दूर मागे राहिलेली, सुरूचे बन, ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू, आणि माणूस म्हणून एक धनगराचा मुलगा. तो पाण्यात धावत होता. त्याचा कुत्रा मात्र समुद्राकडे पाठ करून बनाकडे तोंड करून उभा होता. "याला दर्या आवडत नाही काय?" असे आम्ही विचारले. मुलगा म्हणाला, "तसं न्हाई, बाबा. हितनं त्याला मेंढरं दिसत न्हाईत." थोड्या वेळाने तो प्राणी एकटाच बनात निघून गेला. अशी रम्य जागा आम्ही क्वचितच पाहिली असेल. त्याने ती पाहिलीसुद्धा नाही.

बंधूंनो, विशेषतः उपदेशकहो, आपल्या कळपावर लांडगा कोणत्या वाटेने येतो? पाथर्डी-शेवगावकडील कुटुंबे ऊसतोडीस निघण्यापूर्वी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे हात पिवळे करून टाकतात. मागे तिला कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही आईबापांची भीती खोटी नाही, आणि जोडप्याला उचलही मिळते. म्हणून त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांचे ऐकून घ्यावे. पण त्या मुलीची शाळा सुटते, आणि अंगात बळ येण्याआधी बाळंतपण येते. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे. लावणाराही त्यात सापडतो. तरी मांडवात प्रार्थना करावयास आम्हांपैकीच कोणी उभा असतो, आणि पंगतीत त्यास मानाचे पान असते.

"आमचे काम वचन सांगणे, घरोघरी वैर घेणे नव्हे," असे काहीजण म्हणतात. लांडगा ओळखीचा आहे म्हणून गप्प बसणारा कुत्रा धनगर किती दिवस ठेवील?

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. तेव्हा बोलणे व्यर्थ. मुहूर्त ठरलेला असतो. श्रावण-भाद्रपदातच त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसावे. मुलीच्या वसतिगृहाची चौकशी आपण स्वतः करावी, मंडळीतील एखादी आजी तिला सहा महिने ठेवून घेईल का हे विचारावे. इतके करूनही कोणी ऐकत नसेल, तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. त्याला पैसे पडत नाहीत.