जाड अक्षराचे पाप-पुण्य

दिवाळी अंक हाती आला की जाहिरातींची पाने आपण भराभर उलटतो. आणि नेमकी तीच न वाचता वाचली जातात! जाड अक्षर डोळ्यांची परवानगी मागत नाही. म्हणून माझ्या मास्तरी मनाला कधीकधी प्रश्न पडतो : अक्षराच्या नुसत्या अंगलटीलाही पाप-पुण्य असते काय?

ज्या इंग्रजी ठशामुळे मी या विचारात पडलो, त्याला तिकडे ‘फॅट फेस’ म्हणतात. आपण लठ्ठ अक्षर म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते लंडनमध्ये जन्मले. श्रेय बहुधा रॉबर्ट थॉर्न या खिळे ओतणाऱ्याला देतात. त्याआधीचे ठसे प्रामुख्याने पुस्तकासाठी, हाती धरून वाचण्यासाठी घडलेले. या नव्या ठशात उभी रेघ इतकी फुगली की तिची रुंदी अक्षराच्या उंचीच्या निम्म्याकडे झुकली. आडव्या रेघा मात्र केसासारख्याच राहिल्या, आणि अक्षराच्या टोकांशी असणारी बारीक पट्टी, जिला सेरिफ म्हणतात, तीही. ‘ओ’ पाहावा, तर दोन फुगीर गाल आणि मधे एक उभी फट. सावकाराचे पोट आणि खाली बगळ्याचे पाय! मला हे ध्यान आवडते, ते लपवून काय करू?

हे अक्षर भिंतींवर कामाला लागले. नाटके, लिलाव आणि सरकारी सोडत. इंग्लंडातली ती सोडत १८२६ साली बंद झाली. तोवर बक्षिसाचा आकडा पत्रकांवर अशाच धष्टपुष्ट थाटात मिरवत असे. आकडा खोटा नव्हता. पण ज्याची चिठ्ठी कोरी निघायची, आणि बहुतेकांची कोरीच निघायची, त्याच्या वाट्याला जाड अक्षर कोण देणार? खोटे न बोलता फसविण्याची ही रीत. वर्गात खणखणीत आवाजात उत्तर देणाऱ्या मुलाचे उत्तर बरोबरच वाटते, तसे काहीसे.

कोणी म्हणेल, सुरीला काय ठाऊक, भाजी चिरायची की गळा! मला हे उत्तर पुरत नाही. सुरी मुकी असते. अक्षर मात्र अर्थ कळण्याआधीच बोलून चुकते, ‘हे महत्त्वाचे आहे.’ आणि महत्त्व ठरविले कोणी? ज्याच्यापाशी छपाईचे पैसे होते, त्याने.

अमेरिकेत माणसांच्या विक्रीची पत्रके असल्याच ठळक ठशांत निघत. आणि ठळक ठशांतलेच एक पत्रक १८५१ च्या एप्रिलात बॉस्टन शहरात निघाले. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत धाडण्याचा कायदा आदल्या वर्षी झाला होता. शहरातल्या काळ्या लोकांना या पत्रकाने बजावले, की पहारेकरी आणि पोलीस यांच्याशी बोलणे टाळा. त्यांना आता माणसे धरण्याचा अधिकार मिळाला आहे. मथळ्याला शब्द एकच, ‘सावधान’, आणि तो भला जाड. ज्याला पोलिसादेखत भिंतीपाशी थांबणेही धोक्याचे, त्याला बारीक अक्षर काय कामाचे? रस्त्याच्या पलीकडून, चाल न मोडता, तेवढा एक शब्द त्याला वाचता यायला हवा होता.