शेवटच्यालाही तितकेच?

वाचन : मत्तय २०:१-१६



प्रभू येशूचे बहुतेक दाखले ऐकताना आपण समाधानाने मान डोलावतो. हरवलेले मेंढरू सापडते, उधळ्या पुत्र घरी परततो, आपल्याला बरे वाटते. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला ऐकताना मात्र मनात काहीतरी खटकते. काही मजूर पहाटेपासून राबले, त्यांनी दिवसभराचे ऊन सोसले. काही नऊला आले, काही बाराला, काही तीनला आणि काही तर दिवस मावळायला एक तास उरला असताना. संध्याकाळी मालकाने सर्वांच्या हातावर सारखाच एक दीनार ठेवला. आपल्या वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला किंवा मजुराला हा हिशेब सांगा. तो लगेच म्हणेल, "असं कसं जमन? मग उद्या सकाळी कामावर येईन कोण?"

हा प्रश्न खोटा नाही. जो अधिक राबला त्याला अधिक मिळावे, हे न्यायाचे तत्त्व आपण लहानपणापासून शिकतो. मग प्रभूने आपल्याला अन्याय शिकविला काय? की न्याय या शब्दाचा आपण लावलेला अर्थच अपुरा आहे?

प्रथम दीनार म्हणजे काय ते पाहू. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. त्यात त्याच्या घरची एका दिवसाची चूल पेटत असे. आता पाच वाजता कामाला लागलेल्या माणसाला दीनाराचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशेब चोख झाला असता, पण त्याच्या घरी त्या रात्री मुले उपाशी झोपली असती. बापाला काम उशिरा मिळाले म्हणून लेकरांची भूक बारा पटींनी कमी होत नाही. मालकाने कामाचे तास मोजले नाहीत. त्याने भाकरी मोजली.

आणखी एक गोष्ट आपल्या कानांवरून निसटते. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे मालकाने विचारले तेव्हा त्या लोकांनी सांगितले की आम्हांला कोणी कामावरच घेतले नाही. ते आळशी नव्हते. आळशी माणूस संध्याकाळी पाचपर्यंत बाजारात काम शोधत उभा राहत नाही, तो केव्हाच घरी जातो. सकाळी ठिय्यावर जाऊन पाहावे. मिस्त्री येतो आणि धडधाकट पोरे आधी निवडतो. पन्नाशी उलटलेला, दम लागणारा, हाताला लागलेला माणूस मागे राहतो. ऊन चढते, डबा हातात तसाच असतो आणि घरी काय सांगायचे हा विचार मनाला खात असतो. राबणाऱ्याचे अंग थकते, वाट पाहणाऱ्याचे मन थकते. पहाटेच्या मजुरांनी उन्हाची तक्रार केली, परंतु आज आपल्या घरी चूल पेटणार हे त्यांना सकाळपासून ठाऊक होते. तो निर्धास्तपणा हीसुद्धा एक मजुरीच होती.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी ऐन भरात असते. बाया ओटी बांधून शेतात उतरतात. संध्याकाळी काटा लागतो आणि किलोवर पैसे मिळतात. तरुण बाईचे हात भराभर चालतात. तिच्याच शेजारच्या ओळीतील म्हातारीने तितकाच वेळ पाठ वाकविलेली असते, पण तिचे गाठोडे लहान भरते. काटा खोटे बोलत नाही, पण तो सगळे खरेही सांगत नाही. त्याला कापसाचे वजन कळते, तिच्या गुडघ्यांचे दुखणे कळत नाही. रोजाच्या कामातही पुष्कळ ठिकाणी बाईचा रोज पुरुषापेक्षा कमीच असतो, आणि "पहिल्यापासून असंच आहे" यापलीकडे त्याचे कारण कोणी सांगत नाही.

या दाखल्याचे आपल्या जिल्ह्याशी एक जुने नाते आहे. इंग्लंडमधील लेखक जॉन रस्किन यांनी १८६० साली अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. माणसाच्या श्रमाची किंमत केवळ बाजारभावाने ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आपण वैद्याशी नाडी पाहण्याची घासाघीस करीत नाही, मग मजुराशीच का करतो, असा त्यांचा रोख होता. वाचकांनी इतका गदारोळ केला की मासिकाला ती लेखमाला थांबवावी लागली. १८६२ साली तिचे पुस्तक निघाले. त्याचे नाव रस्किननी याच दाखल्यातून, मालकाच्या तोंडच्या शब्दांतून घेतले. त्याचा अर्थ : या शेवटच्यालाही.

१९०४ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही. त्याच वर्षी त्यांनी फिनिक्स येथे वसाहत उभारली. तेथे गोरा-काळा हा भेद न करता सर्वांना निर्वाहापुरते सारखेच वेतन द्यायचे ठरले. १९०८ साली त्यांनी या पुस्तकाचा सारांश गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. पुढे १९३६ साली ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि सर्वोदय हा शब्द वर्ध्याच्या मातीत रुजला. प्रभूने सांगितलेली एक गोष्ट इतका लांबचा प्रवास करून आपल्या दारी आली आहे.

गांधीजींबरोबर वर्ध्यात एक ख्रिस्ती अर्थतज्ज्ञही राबत होते : जे. सी. कुमारप्पा. मगनवाडीत राहून त्यांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहिले. घाणी, हातकागद, गूळ अशा उद्योगांतून गावातील शेवटच्या माणसाला काम कसे मिळेल याचाच ते विचार करीत. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर पुस्तक लिहिले. त्यांच्यासाठी शुभवर्तमान आणि गावचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या नव्हत्या.

आता उद्याच्या सकाळचा प्रश्न. शेतकरी म्हणेल, मीच कर्जात आहे, माझ्याच कापसाचा चुकारा पुरत नाही, मी औदार्य कोठून आणू? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. हिंगणघाटच्या बाजारात गाडी घेऊन उभा असलेला कोरडवाहू शेतकरी हादेखील पाचच्या मजुरासारखाच असतो. त्याचा भाव दुसरे कोणी ठरविते. म्हणून हा दाखला केवळ गरीब शेतमालकाला उपदेश करण्यासाठी नाही. तो व्यापाऱ्याला आहे, सरकारला आहे आणि स्वस्त कपडा हवा असणाऱ्या आपल्या सर्वांनाही आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात शिकविले की मजुरी दोघांच्या संमतीने ठरली एवढ्याने ती न्याय्य होत नाही, तिच्यात मजुराचा निर्वाह झाला पाहिजे. गरजू माणूस नाइलाजाने कशालाही हो म्हणतो. त्या होकाराला संमती कसे म्हणावे?

दुसरे असे की मालकाने पहाटेच्या मजुरांचे काहीही कापले नाही. ठरलेला दीनार त्यांना पूर्ण मिळाला. औदार्य दाखविण्यासाठी एकाचा हक्क कापून दुसऱ्याला देणे हा प्रभूचा मार्ग नव्हे. मग ते का कुरकुरले? त्यांची मजुरी कमी झाली नव्हती, दुसऱ्याशी असलेले अंतर कमी झाले होते. आपले ताट भरलेले असूनही शेजाऱ्याचे ताट भरलेले पाहवत नाही, हा तो आजार आहे.

हा आजार शेताच्या बांधावर थांबत नाही, तो मंदिराच्या पायऱ्याही चढतो. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, हे तर कालपरवा आले. आम्ही दर रविवारी मिस्साला येतो, हा बारा वर्षांनी पापनिवेदनाला आला आणि फादर त्यालाच जवळ घेऊन बसले! असे म्हणताना आपण पहाटेच्या मजुरांच्या रांगेत उभे असतो. प्रभूच्या मळ्यात सकाळपासून काम मिळाले हे ओझे नसून भाग्य आहे, याचा आपल्याला विसर पडतो. खरे पाहता देवाच्या दयेपुढे आपण सगळेच पाचला आलेले आहोत. वधस्तंभावरील चोराला तर पाचही वाजून गेले होते.

मग या आठवड्यात काय करता येईल? सर्वांना सारखी मजुरी देणारी व्यवस्था आपण एका दिवसात उभारू शकत नाही. परंतु गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, ही अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातील आज्ञा पाळता येते. "पुढच्या बाजाराला देतो" असे म्हणणे टाळता येते. एकाच कामाचा बाईला आणि पुरुषाला एकच रोज देता येतो. भांडी घासणारी बाई तापाने चार दिवस आली नाही तर तिचा पगार न कापता महिना पुरा करता येतो. त्याच अध्यायात शेतातील सरवा परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी राहू द्यावा असेही सांगितले आहे. परक्या देशातून आलेली विधवा रूथ अशाच सरव्यावर जगली आणि तिच्याच वंशात पुढे आपला तारणारा जन्मला. बवाजाने सरवा आखडता घेतला नाही.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांला उशीर झाला असतानाही बोलाविलेस आणि पूर्ण दीनार दिलास. आमच्या दाराशी काम मागत उभ्या असलेल्यांकडे तुझ्या नजरेने पाहण्यास आम्हांला शिकव. दुसऱ्याच्या ओंजळीत पडलेले तुझे दान पाहून आमचे डोळे निवोत. आमेन.