दात्याच्या नावापुढील रकाना

वाचकहो, आपण एखाद्या अनाथालयास, मिशन दवाखान्यास किंवा शुभवर्तमान-प्रसाराच्या संस्थेस कधी देणगी पाठविली असेल, तर आपले नाव आज बहुधा कोठेतरी एका संगणकात आहे. नावाबरोबर पत्ता आहे, दूरध्वनी क्रमांक आहे, आपण केव्हा आणि किती दिले याचा हिशेब आहे. यात वावगे काही नाही. पूर्वी हेच सारे खजिनदारांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत असे. परंतु वही जाऊन संगणक आला तेव्हा केवळ वेग आणि सोय वाढली असे नव्हे. वहीत आपण जे दिले तेवढेच लिहिले जाई. देणगीदारांची माहिती सांभाळण्यासाठी जी सॉफ्टवेअरे आज विकली जातात त्यांपैकी अनेकांत, आपण पुढे किती देऊ शकाल, यासाठीही एक रकाना असतो. त्या रकान्याविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

आपल्यांतील काही बंधुभगिनींना दानाची नोंद ठेवणेच अयोग्य वाटते. डोंगरावरील प्रवचनातील उजव्या आणि डाव्या हाताचा दाखला ते देतात. मला हे पटत नाही. गुप्ततेची ती आज्ञा देणाऱ्यास आहे. घेणाऱ्यास विसरण्याची मुभा तीत नाही. गणना या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचून पाहा. बारा वंशांचे बारा सरदार वेदीच्या समर्पणासाठी अर्पणे आणतात. प्रत्येकाचे अर्पण तंतोतंत सारखे : १३० शेकेल वजनाचे रुप्याचे ताट, ७० शेकेलांचा कटोरा, धूपाने भरलेले सोन्याचे धूपपात्र, तीच जनावरे, तीच संख्या. 'इतर अकरांनीही तसेच दिले' असे एका ओळीत सांगता आले असते. शास्त्रलेखक मात्र बाराही वेळा नावासकट संपूर्ण यादी लिहितो. भाषांतर करणाऱ्यास हा अध्याय कंटाळवाणा वाटतो, हे मी कबूल करते. पण तो संक्षिप्त करण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि नसावाच. कोणाचेही देणे 'इत्यादी'मध्ये जाऊ नये, असा त्या अध्यायाचा आग्रह आहे.

पौलही हिशेबाचा कच्चा नव्हता. यरुशलेममधील गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली (२ करिंथ ८). फिलिप्पैकरांस आभार मानताना तर तो बाजारपेठेची भाषा वापरतो. तेथे 'अपेखो' असे एक ग्रीक क्रियापद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन विद्वान आडोल्फ डाइसमान यांनी मिसर देशात सापडलेल्या पपायरस व खापरांवरील पावत्यांवरून दाखवून दिले की, 'रक्कम पूर्ण मिळाली, येणे काही उरले नाही' अशा अर्थाने हा शब्द पावतीवर लिहिला जात असे. म्हणजे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल त्यांस पावती देत आहे. आणि आश्चर्य असे की, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, पुढे कर्णा वाजवून दान करणाऱ्यांविषयी प्रभू बोलतो तेथेही हेच क्रियापद आहे. त्यांनाही पावती मिळाली, हिशेब चुकता झाला, पुढे काही येणे नाही. एकाच शब्दात एकाची कृतज्ञता आणि दुसऱ्याचा निकाल! मराठीत दोन्ही स्थळी एकच शब्द चालेल काय, यावर आम्ही एक संपूर्ण दुपार घालविली होती. निर्णय झाला नाही.

पौलाच्या त्या पावतीत आणखी एक वाक्य आहे. मी देणगीच्या मागे नाही, तुमच्या हिशेबी जमा होणाऱ्या फळाकडे माझे लक्ष आहे, असा त्याचा भाव. म्हणजे नोंदवहीत त्याची नजर दात्याच्या जमेच्या बाजूवर आहे. आपल्या येण्याच्या बाजूवर नाही.

आता संगणकाकडे वळू. चांगल्या सॉफ्टवेअरचे उपकार मी नाकारीत नाही. पावती वेळेवर जाते. एकाच घरी तीन पत्रे जात नाहीत. खजिनदार वारले तरी संस्थेची स्मृती त्यांच्याबरोबर पुरली जात नाही. अफरातफर लपविणे कठीण होते, आणि आपल्या मंडळ्यांत ती झालीच नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शिवाय आपल्या देशात २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून, दात्यास करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना दात्यांचे विवरण आयकर खात्यास सादर करावे लागू लागले; ते काम वहीवर करणे जिकिरीचे आहे.

परंतु हीच यंत्रणा दात्यांची प्रतवारी करते. शेवटचे केव्हा दिले, किती वेळा दिले, किती दिले, या तीन प्रश्नांवर माणसे वर-खाली लावली जातात. गतवर्षी दिले आणि यंदा दिले नाही अशांची वेगळी यादी निघते. आणि त्यापुढची पायरी म्हणजे दात्याने स्वतः कधीही न सांगितलेली माहिती, म्हणजे घराची किंमत, नोकरीतील हुद्दा, कंपन्यांतील भागभांडवल, बाहेरून मिळवून त्याच्या नावापुढे भरणे. ब्रिटनमध्ये हे इतके रुळले होते की, डिसेंबर २०१६ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी प्राण्यांच्या छळास आळा घालणाऱ्या रॉयल सोसायटीस २५ हजार पौंड आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८ हजार पौंड दंड केला. दात्यांना न कळविता त्यांच्या संपत्तीचा अंदाज घेतल्याचा ठपका त्यांत होता. एप्रिल २०१७ मध्ये आणखी अकरा धर्मादाय संस्थांना दंड झाला. या टोळ्या नव्हत्या. सत्कार्य करणाऱ्या, नावाजलेल्या संस्था होत्या.

त्याच्या आधी, २०१५ साली, ब्रिस्टल शहरातील ९२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मृत्यूने तो देश हळहळला होता. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कागदी पॉपीची फुले विकण्याचे काम तिने पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ केले होते. तिच्या मृत्यूस ही पत्रे कारण नव्हती, असे तिच्या कुटुंबीयांनी स्पष्ट सांगितले, आणि ते आपणही मान्य करावे. परंतु चौकशीत निघाले ते असे : तिचे नाव-पत्ता ९९ संस्थांकडे होता, आणि एका वर्षात चारशेंहून अधिक मागणीपत्रे तिच्या दारी येत होती. तिने एकेकास थोडेथोडे दिले होते, म्हणून यादी वाढत गेली. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. ते पुष्कळ याद्यांत लिहून झाले आहे.

ब्रिस्टल म्हटले की आपल्याला जॉर्ज म्यूलर आठवतात. १८३६ साली त्याच शहरातील विल्सन स्ट्रीटवर त्यांनी अनाथ मुलींसाठी पहिले गृह उघडले, आणि १८९८ साली मृत्यू येईपर्यंत दहा हजारांवर अनाथांचा सांभाळ केला. त्यांच्या कार्याचा वृत्तान्त वाचून आपल्यावर परिणाम झाल्याचे पंडिता रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे. म्यूलर कोणापाशी पैसे मागत नसत, एवढेच आपण उपदेशांत ऐकतो. ते हिशेब किती काटेकोर ठेवीत, हे सहसा सांगितले जात नाही. प्रत्येक दात्यास पावती दिली जाई आणि वार्षिक अहवाल निघेपर्यंत ती जपून ठेवण्याची विनंती केली जाई. आपण दिलेली रक्कम त्या तारखेस नोंदली गेली आहे की नाही, हे दात्याने स्वतः ताडून पाहावे म्हणून. म्हणजे नोंदवही होती, आणि ती दात्याच्या हातात संस्थेवरची तपासणी म्हणून दिली होती. आपल्या काळात तीच वही उलटी फिरली आहे. तपासणी दात्याची होते.

उलटी फिरलेली ही वही सुरक्षित असते असेही नाही. देणगीदारांच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'रेझर्स एज' या सॉफ्टवेअरची मालक असलेल्या ब्लॅकबॉड या अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेत फेब्रुवारी २०२० मध्ये चोर शिरले आणि मे महिन्यापर्यंत आत होते. १३ हजारांहून अधिक संस्थांच्या दात्यांची माहिती त्यात सापडली : कोणी किती दिले, कोणाची सांपत्तिक स्थिती कशी, काहींच्या बँक खात्यांचे तपशील. कंपनीने खंडणी भरली. २०२३ च्या ऑक्टोबरात ४९ राज्यांशी ४ कोटी ९५ लाख डॉलरांची तडजोड केली. आपल्या संसदेनेही २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. पण कायदा चोरीविषयी आणि संमतीविषयी बोलतो. माझा प्रश्न त्या आधीचा आहे : चोरण्याजोगे ते आपण मुळात का लिहून ठेवले?

कोणी म्हणेल, पौलानेही ऐपतीप्रमाणे द्या असे सांगितले आहे. मग ऐपत जाणून घेण्यात चूक ती काय? १ करिंथ १६ मधील ते वचन मूळ भाषेत पाहिले असता उत्तर तेथेच सापडते. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी 'स्वतःपाशी' काढून ठेवावे, असे तो लिहितो, आणि तो आल्यावर वर्गणी करावी लागू नये, असेही. ऐपत मोजावयाची आहे, पण ती दात्याने, आपल्या घरात, आपल्या देवासमोर. पौल ती मोजत नाही. मोजण्याच्या वेळी तो गावातही नसतो.

आणि विधवेच्या दोन टोल्या? येथे मात्र मला थांबावे लागते, कारण येथे प्रभूनेच दात्याची ऐपत पाहिली. धनवानांपाशी किती उरले आणि तिच्यापाशी काय उरले, हे त्याने जाणले. जे आज संपत्तीची छाननी करणारे करतात तेच बाहेरून पाहता त्याने केले. तिने घातले ते सांगताना मार्क 'बिओस' हा शब्द योजतो; त्याचा अर्थ उपजीविका असा होतो आणि जीवन असाही. मग फरक कशात? तिच्यापाशी काय उरले हे जाणून त्याने तिला हाकही मारली नाही. शिष्यांना बोलाविले. तिच्याविषयीची माहिती तिच्याकडून आणखी काही काढण्यासाठी वापरली गेली नाही. शिवाय आपल्या छापील बायबलात या गोष्टीवर नवा मथळा असतो, त्यामुळे तिच्या लगेच आधीचे वचन आपण तोडून वाचतो. ते मथळे आम्ही भाषांतरकार आणि संपादक घालतो. मूळात ते नाहीत. त्या आधीच्या वचनात विधवांची घरे गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांविषयी तो बोलत आहे.

हे मी इतक्या आवेशाने लिहिते याचे कारण सांगणे भाग आहे.

ज्या संस्थेच्या समितीवर मी आहे, तिच्या दात्यांच्या पैशांतूनच आमच्या भाषांतराचे काम चालते. माझे मानधनही त्यांतूनच येते. आमच्या जुन्या दात्यांत एक निवृत्त परिचारिका आहेत. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. यजमान गेल्यावर त्या एकट्याच राहतात. दरमहा ठराविक रक्कम, लहानशीच, न चुकता पाठवीत. एकदा मी त्यांच्याकडे गेले असता चहा घेता घेता त्या मोकळेपणी बोलल्या. मुलगा आखाती देशात स्थिरावला आहे, तिकडे चल म्हणतो, पण त्यांचा जीव या दोन खोल्यांत आहे. घर त्यांच्या नावावर आहे आणि आपल्यामागे त्याचे काय करावे हे सुचत नाही. मी त्यांच्याबरोबर प्रार्थना केली. पुढच्या सभेत, प्रार्थनेचे विषय विचारले गेले तेव्हा, मी तो विषय सांगितला. आपण सर्वजण हे करतो. आमच्या कार्यालयातील तरुण कर्मचारी मनापासून काम करणारा आहे. शिकविल्याप्रमाणे त्याने मावशींच्या नावापुढील रकान्यात नोंद केली : स्वतःचे घर, मुलगा परदेशी, मृत्युपत्राविषयी विचारावे.

तीन महिन्यांनी त्यांना एक अत्यंत नम्र पत्र गेले. सोबत मृत्युपत्र कसे करावे यावरील पुस्तिका होती.

त्यांनी मला दूरध्वनी केला. रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, ''बाई, ते मी तुम्हांला सांगितलं होतं. ऑफिसला नाही.''

मी क्षमा मागितली, नोंद काढून टाकविली. तो रकानाच बंद करावा अशी सूचना समितीत मांडली. ती कोणी फेटाळली नाही; तिच्यावर पुढील सभेत विचार करू असे ठरले, आणि त्यानंतर दोन सभा झाल्या आहेत. निधी कमी पडत आहे, हेही खरेच आहे. ज्यांना तो गोळा करावयाचा आहे त्यांची चिंता मला कळते, कारण तो आला नाही तर माझ्या मेजावरचे पुस्तक अपुरे राहील.

मावशींची मासिक देणगी त्या महिन्यापासून थांबली. आमच्या संगणकात आता त्यांचे नाव 'खंडित' या यादीत आहे. गेल्या हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीच्या थैलीतून एक बिननावाचा लिफाफा निघाला. त्यावर 'पवित्र शास्त्राच्या कामासाठी' एवढेच लिहिलेले होते. खजिनदारांनी वहीत 'एक हितचिंतक' अशी नोंद केली आणि अक्षर कोणाचे असावे, म्हणून लिफाफा माझ्यापुढे धरला. मी तो पाहिला, आणि ठाऊक नाही असे म्हणाले.