कृष्णार्पण आणि बिजागरी

आजचं वाचन: गीता, अध्याय १८, श्लोक २३ ते २५.

मे महिन्यात रत्नागिरीच्या घरी पडवीत ठेवायला मी स्वतः एक बाकपेटी केली. १८ मिलिमीटरचं प्लाय, आत चपला-छत्र्या, वर बसायला झाकण. महिनाभरात बिजागरीचे स्क्रू सैल झाले. मी भोकांत काडेपेटीच्या काड्या नि फेविकॉल भरून तेच स्क्रू परत पिळले. आमच्या धंद्यात याला हॉटफिक्स म्हणतात, आणि तो कायमचाच राहतो. परवा बाबा चपला घालायला बसले आणि झाकण सुटून पुढे सरकलं. खांब धरला म्हणून वाचले.

मी घाबरलो होतो, पण तोंडातून निघालं काय? "बाबा, मी मनापासून केलं होतं. पुढचं कृष्णार्पण."

बाबा म्हणाले, "कृष्णाला नाही बसायचंय त्यावर. मला बसायचंय."

खरं सांगू, राग आला. फळाची इच्छा सोडा, हे तर गीताच सांगते ना? मग आज हे तीन श्लोक समोर आले. २३व्यात सात्त्विक कर्म: आसक्ती नाही, फळाची इच्छा नाही. इथवर मी खूश. पण दोनच श्लोकांनी पुढे, परिणाम काय होईल, कुणाला इजा होईल का, आपली कुवत किती, हे न बघता मोहाने सुरू केलेलं कर्म तामस म्हटलंय. म्हणजे फळ सोडायचं, पण परिणाम बघायचा! हे दोन्ही एकत्र कसं जमतं?

मला वाटतं, फळ म्हणजे जे माझ्याकडे येणार ते. पेटीचा फोटो, "वा, स्वतः केलीस?" हे कौतुक. बाबांची कंबर हे माझं फळ नाहीच, ती त्यांची आहे. ती सोडून द्यायचा अधिकार मला कुणी दिला? आणि मी नेमकं उलट केलं होतं. फोटो ग्रुपवर टाकला आणि कंबर कृष्णाला अर्पण केली.

आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, १९१०-११ साली. सारा जोर कर्मयोगावर. असो, मी अजून अर्ध्यावरही नाही.

काल पेटी उलटी करून नीट बघितली. प्लायच्या कडेत स्क्रू घातला की तो थरांच्या मधे शिरतो आणि थर फाकतात, धरायला काही उरत नाही. त्यात झाकण मागे कलंडायचं, तेव्हा चार फुटी फळीचा सगळा तरफेचा जोर त्या दोन इंची बिजागऱ्यांवर यायचा. काड्यांनी हे कसं सुटणार! आता मागच्या फळीला आतून सागाची पट्टी फेविकॉल आणि स्क्रूंनी बसवली, वरची कड समपातळीत. आधी ड्रिलने बारीक भोकं पाडली, मग स्क्रू. बिजागऱ्या स्टीलच्या घेतल्या, कारण खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही.

झाकण मागे जाऊ नये म्हणून साखळी लावायचीय, ती आज आणतो. तोवर बाबांना खुर्ची दिली आहे.

उद्या श्लोक २६. हरि ॐ.