घरच्या माणसास शेवटीं कां कळावें?

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून फिरत असतां एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. तो असा कीं, एखादी गोष्ट चांगली आहे, देवाच्या इच्छेस धरून आहे, परंतु ती ऐकून घरच्या माणसाचें मन दुखावेल, तर ती त्याजपासून कांहीं काळ लपवून ठेवावी कीं नाहीं? बाप्तिस्मा घेऊं इच्छिणारा तरुण हें विचारतो. कर्ज काढलेला शेतकरी विचारतो. दूर शहरीं नोकरी धरलेला मुलगाही विचारतो. बहुतेकांचा कल लपविण्याकडेच असतो, आणि त्यास ते प्रीति असें नांव देतात. "तिच्या जिवाला उगीच घोर कशाला?" असें ते म्हणतात. या लपविण्यास प्रीति म्हणावें कीं भीति म्हणावें, याचा आज थोडा विचार करूं.

आमच्या नागपुराशीं संबंध असलेली एक गोष्ट येथें उपयोगी पडेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ख्रिस्ती होण्यापूर्वीं नागपुरांत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते, व येथें असतां त्यांनीं 'ऋषि' नांवाचें मासिक चालविलें. सन १८९३ त नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे मिशनरी त्यांस भेटले, आणि त्यांनीं पवित्र शास्त्र वाचण्याविषयीं त्यांस आग्रह केला. तेथून पुढें टिळकांच्या मनांत जें युद्ध चाललें तें त्यांनीं आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापुढें मोकळेपणानें मांडिलें नाहीं. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां लक्ष्मीबाई लहान मुलासह आपल्या नातलगांत होत्या. त्यांची संमति घेतलेली नव्हती. ज्या दिवशीं एकास नवें जीवन लाभलें, त्याच दिवसापासून दुसरीच्या वाट्यास परित्यक्तेचें जिणें आलें. चारपांच वर्षें हीं दोघें एकमेकांपासून दूर राहिलीं.

टिळकांच्या विश्वासाच्या खरेपणाविषयीं कोणासही शंका नाहीं. त्यांनीं आधीं सांगितलें असतें तर घरांत रडारड झाली असती, कदाचित् वाट अडविली गेली असती, हेंही खरें. प्रभूनें तर स्पष्टच बजावून ठेविलें आहे कीं, त्याच्यामुळें घरांत फूट पडेल. परंतु, वाचकहो, सत्यानें पडणारी फूट निराळी आणि लपवाछपवीनें पडणारी फूट निराळी. पहिल्या प्रसंगीं घरचीं माणसें म्हणतात, "यानें आमचें ऐकलें नाहीं." दुसऱ्या प्रसंगीं तीं म्हणतात, "यानें आम्हांस फसविलें." न ऐकल्याची जखम काळानें भरून येते, फसवणुकीची जखम वरून भरली तरी आंतून ठणकत राहते.

हें आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. आम्ही स्वतः या बाबतींत चुकलों आहों. उमरेडच्या वाटेवरील एका खेड्यांत एक तरुण कित्येक महिने शिक्षण घेत होता. त्याची बायको बाळंतपणासाठीं माहेरीं गेलेली होती. "ती परत आल्यावर सांगेन, आधीं बाप्तिस्मा द्या," असें तो म्हणाला, आणि एक जीव मंडळींत येतो या आनंदांत आम्हीं त्यास होकार दिला. दोन महिन्यांनीं ती बाई तान्हें मूल घेऊन सासरीं आली. आम्ही भेटीस गेलों तेव्हां ती उंबरठ्याशीं बसली होती. तिनें ना आरडाओरड केली, ना शिव्याशाप दिले. ती इतकेंच म्हणाली, "पाळकसाहेब, मले इचारलं असतं तं मी नाईच म्हटलं असतं, हे तुमाले कोनं सांगतलं?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं तिचा नकार गृहीत धरला, म्हणजे तिच्या वतीनें आम्हींच उत्तर देऊन टाकिलें. आम्हीं तिची क्षमा मागितली. ती घर सोडून गेली नाहीं. पण आज इतकीं वर्षें झालीं तरी नवरा बाजारास जातों म्हणाला तर ती शेजाऱ्यास विचारून खात्री करून घेते. त्या घरांत भांडण नाहीं, परंतु विसांवाही नाहीं. हें आमच्या घाईचें फळ आहे.

मोडलेला विश्वास पुन्हां जोडतां येतो काय? येतो, पण ज्यानें मोडला त्यानें वाट पाहावयास तयार झालें पाहिजे. येथें टिळकांचें पुढील वर्तन आम्हां सर्वांस कित्ता आहे. धर्मांतरामुळें जोडीदार सोडून गेल्यास ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास कोर्टांतून विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्यानें त्या काळीं केलेली होती. टिळकांनीं ती वाट धरिली नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले. पुढें लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. आपलें सोवळें संभाळून, स्वयंपाकपाणी निराळें ठेवून त्या राहिल्या, आणि टिळकांनीं तें राहूं दिलें. ज्या पुरुषानें सर्व जातिभेद टाकिला होता, त्यानें आपल्या पत्नीची निराळी चूल मान्य केली! विश्वास न धरणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर तिला सोडूं नये, असें पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत सांगतो, तें त्या घरांत असें आचरणांत आलें. पुढें लक्ष्मीबाईंनीं सोवळें सोडिलें तें आपल्या विचारानें. आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला तोही आपल्या इच्छेनें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. वाट पाहणें हें अपराध करणाऱ्याचें कर्तव्य आहे. मार खाणाऱ्यानें तो सोशीत राहावें असा त्याचा अर्थ नव्हे. कांहीं उपदेशक मारहाण होत असलेल्या बाईस 'सहन कर आणि प्रार्थना कर' इतकेंच सांगून परत पाठवितात. हें शुभवर्तमान नव्हे. तिला प्रथम सुरक्षित जागीं न्यावें, आणि २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें तिला जें संरक्षण मिळतें तें मिळवून द्यावें. नवऱ्याशीं बोलणें त्यानंतर.

मग उपदेशकांनीं करावें काय? जिज्ञासु मनुष्य बाप्तिस्मा मागावयास आला म्हणजे पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, घरीं सांगितलें काय? नसेल तर त्यास घाई करूं नये. तो म्हणेल तर त्याच्याबरोबर जावें, पण बोलणें त्याचें त्यानेंच बोलावें. बातमी तिऱ्हाइताच्या तोंडून घरीं पोंचूं देऊं नये. भावाचा अपराध झाला तर आधीं एकांतांत त्याजकडेच जा, अशी जी प्रभूची आज्ञा मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत आहे, ती आपला अपराध सांगण्याच्या कामींही तितकीच लागू आहे. शेताचा धुरा दोघा भावांनीं मिळून एकदां नीट घातला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एकानें रात्रीं गुपचूप एक हात सरकविला तर वितभर जमिनीपायीं सारी भावकी तुटते. घरांतील बोलण्याचेंही तसेंच आहे.

लक्ष्मीबाईंस शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख टिळकांनींच करून दिली. त्याच लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालीं. त्यांत टिळकांचा तापट स्वभाव, न सांगतां घरांतून निघून जाण्याची संवय, हातचा पैसा उधळणें, हें सर्व त्यांनीं उघड लिहिलें आहे. परंतु कोठेंही कडवटपणा नाहीं. टिळक १९१९ त वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. त्यांत ६४ अध्यायांची भर लक्ष्मीबाईंनीं घातली. ज्या घरांत एके काळीं मोठी गोष्ट बोललीच गेली नव्हती, त्या घरांत शेवटीं न बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत घरीं न सांगितलेली एखादी गोष्ट असेल. प्रभूनें वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाकडे जावयास सांगितलें आहे. येत्या रविवारीं उपासनेस येण्यापूर्वीं ती गोष्ट घरीं सांगावी. ऐकणारा रागावेल, रडेल, कदाचित् कांहीं दिवस बोलणार नाहीं. तें सोसावें. परंतु तुमच्या घरची बातमी घरच्या माणसास शेवटीं कळावी, असें होऊं देऊं नका.